सोडून गेलेल्यांची साक्ष

फार फार मागची गोष्ट आहे. त्या राज्यात एकच विद्यापीठ होतं, टेकडीवर, चिंचेच्या दाट झाडीत. तिथल्या नगाऱ्याचा आवाज तात्यांनी अगदी लहानपणी ऐकला होता, आईच्या मांडीवर बसून. धीमा आणि जड आवाज. फळीवरची भांडी हलकेच थरथरावीत असा. आईने सांगितलं होतं, की कुलगुरूंची गादी रिकामी झाली आहे, नवा माणूस मिळेपर्यंत तो रोज सांजेला वाजणार.

आता तात्या विद्यापीठातले सगळ्यांत वयस्क आचार्य होते, आणि नगारा पुन्हा वाजू लागला होता.

नवा कुलगुरू शोधायचं काम रीतीप्रमाणे तिघांवर आलं. एक तात्या, दुसरे तर्क शिकवणारे शास्त्रीबुवा आणि तिसरे वैद्यकी शिकवणारे वैद्यराज. तिघांनी रिकाम्या गादीवर एकदम हात ठेवायचा, तरच निवड पक्की व्हायची. एकाचा जरी हात मागे राहिला तरी नाही.

दूरदूरच्या गावांहून नावं आली. चर्चा झाल्या, चाळण लागली आणि दोन नावं उरली.

एक सुमंत. तो विद्यापीठातच शिकला आणि तिथेच शिकवू लागला. पोरका होता, तात्यांनीच त्याला वाढवलं. थंडीत तात्यांच्या अंघोळीचं पाणी तो अजून स्वतः तापवून ठेवत असे. त्याच्या तोडीचा विद्वान राज्यात नव्हता, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत. त्याला गादीवर बसलेलं पाहावं आणि मग डोळे मिटावेत, एवढीच तात्यांची इच्छा उरली होती. सुमंतलाही ते ठाऊक होतं.

दुसरी गोदाक्का. नदीच्या उतारावर ती एक शाळा चालवायची. शाळा कसली, कुडाची झोपडीच. पण तिच्याकडून आलेली मुलं विद्यापीठात कधी मागे पडली नव्हती.

या विद्यापीठाची एक जुनी चाल होती. गुरूची पारख करायची, तर त्याच्या हुशार शिष्यांना विचारायचं नाही. ते स्तुतीच करणार. जे शिक्षण अर्ध्यावर सोडून गेले, त्यांच्या दारी जायचं आणि त्यांना विचारायचं.

तिघे आधी टेकडीखालच्या कुंभारवाड्यात गेले. सुमंतकडे शिकायला आलेला एक जण वर्षभरातच विद्यापीठ सोडून चाकावर बसला होता. त्याने हातची माती पुसली, घोंगडी अंथरली आणि तिघांना आदराने बसवलं. गुरुजींबद्दल विचारताच त्याने हात जोडले. म्हणाला, गुरुजी फार थोर आहेत, माझंच डोकं चालेना, त्यांचा काही दोष नाही.

"सोडून आलास, त्यावर काही बोलले का तुला?" तात्यांनी विचारलं.

"मला? नाही जी." कुंभार मोकळेपणी हसला. "एवढ्या मोठ्या माणसाला माझं नाव कुठून ठाऊक असणार?"

आणखी दोघातिघांकडे गेले. सगळीकडे तसेच जोडलेले हात. कुणाची तक्रार म्हणून नव्हती. शास्त्रीबुवा खूश झाले.

मग ते नदीच्या उतारावर गेले. गोदाक्काची शाळा सोडलेला एक नावाडी तिथे होता. तिचं नाव काढताच त्याने वल्हं खाली टाकलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"त्या बाईला काहीतरी सांगा बुवा," तो म्हणाला. "शाळा सोडली, लग्न झालं, पोरं झाली, तरी ती काही मला सोडत नाही. पलीकडे जायचं असलं की माझ्याच नावेत बसते. अन् पाण्याच्या मध्यावर आलं, की विचारते, कुठवर आलं रे वाचन? आता नदीच्या मध्यावर माणूस पळणार कुठं?"

त्याची बायको काठावरच्या घराच्या दारातून हसली. म्हणाली, "रागावतात खरे, पण अक्का यायच्या दिवशी सकाळपासून पोथी उघडून बसतात."

"तू गप," नावाडी म्हणाला. मग त्याने खाली टाकलेलं वल्हं उचललं. आवाज उतरवून म्हणाला, "आई गेली तेव्हा मात्र अक्कांनी काही विचारलं नाही. आल्या आणि दिवसभर नुसत्या बसून राहिल्या."

पुढच्या दारीही तसंच. कुणी म्हणे अक्का फार बोलते, कुणी म्हणे फार आठवण ठेवते. तिघे तिच्याविरुद्धच्या गाऱ्हाण्यांची मोट बांधूनच परतले.

दुसऱ्या दिवशी ते गादीपाशी बसले. शास्त्रीबुवांनी निकाल सरळ मांडला. सुमंतविरुद्ध एक शब्द नाही. गोदाक्काविरुद्ध दारोदार तक्रार. जुनी चाल पाळली, उत्तर मिळालं. त्यांनी गादीवर हात ठेवला. वैद्यराजांनीही ठेवला. दोघांनी आनंदाने तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी हात उचलला. पण गादीवर न ठेवता तो मांडीवर परत घेतला.

"तात्या, अहो, तुमचाच मुलगा आहे तो," शास्त्रीबुवा चकित होऊन म्हणाले. "तक्रार नसणं हा दोष कधीपासून झाला?"

तात्या सावकाश बोलणारे होते. त्या दिवशी आणखीच सावकाश बोलले. "परक्याची तक्रार कोण करतं, शास्त्रीबुवा? त्याला आपण हात जोडतो आणि वाटेला लावतो. गाऱ्हाणं माणूस घरच्याचंच सांगतो."

मग वैद्यराजांनी मान हलवली. "खरं आहे. रोगी माझ्या काढ्याला नावं ठेवतो, तोवर मला काळजी नसते. मुकाट पडून राहिला, की धास्ती वाटते." असं म्हणून त्यांनी गादीवरचा हात काढून घेतला.

शास्त्रीबुवांनी उलटसुलट पुष्कळ वाद घातला. पण नावाड्याच्या आईची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. सांज व्हायच्या आत गोदाक्काच्या नावाने तिघांचे हात गादीवर पडले. त्या सांजेला नगारा वाजला नाही.

निरोप सांगायला तात्या स्वतःच सुमंतच्या खोलीवर गेले. त्याने ऐकून घेतलं. चेहरा उतरला, पण त्याने तात्यांना आधी बसायला आसन दिलं.

"तात्या, मी कुठे कमी पडलो?"

"विद्येत कुठेच नाही रे, पोरा."

"मग?"

तात्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. "खाली कुंभारवाड्यात तुझा एक शिष्य आहे. वर्षभर तुझ्यासमोर बसला होता. त्याचं नाव सांग मला."

सुमंतने डोळे मिटले. ज्याला हजार श्लोक मुखोद्गत, तो कितीतरी वेळ आठवत राहिला. शेवटी हलकेच म्हणाला, "तुम्हीच सांगा."

"मला नको विचारूस," तात्या मायेने म्हणाले. "तो सांगेल. चांगला मुलगा आहे. घोंगडी अंथरतो आल्या माणसाला."

सुमंत उठला, तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, अंगावर उपरणं घेतलं आणि टेकडी उतरून कुंभारवाड्याच्या वाटेला लागला.

विद्येची थोरवी शिकून गेलेले सांगतात. गुरूची थोरवी सोडून गेलेलेच सांगू शकतात.