तुळसा आणि रिकाम्या हातांची परी

ओढ्याकाठच्या झोपडीत तुळसा आणि तिचे आबा राहत. आबा बांबूच्या सुबक टोपल्या विणत. पण दारूमुळे त्यांचे हात थरथरू लागले होते. मग इवल्या बोटांनी तुळसाच टोपल्या पुऱ्या करी.

जत्रेतल्या एका गोडबोल्या माणसाने तिला पुडी दिली होती. "आमटीत गुपचूप मिसळ, दारू सुटेल." तिने मिसळली. आबा तीन दिवस ओकत राहिले. दारू सुटली नाही. आमटीत काहीतरी होतं या संशयाने आबांचा तुळसावरचा विश्वास मात्र उडाला. आता ते तिच्या हातची भाकरीसुद्धा हुंगून बघत.

एका सकाळी बांबूच्या बेटात हिरवा-सोनेरी उजेड लुकलुकला. कोवळ्या कोंबावर बोटभर उंचीची परी बसली होती. पंख चिमुकले, दवासारखे चमचमते.

"तुळसाबाळ, पाखराचं घरटं असलेला बांबू तू कधी तोडत नाहीस. माग एक इच्छा."

तुळसा दोन पावलं मागे सरली. "जत्रेतला तो माणूसही असाच गोड बोलत होता. मुठी उघड आधी. दोन्ही!"

परीने उघडल्या. गुलाबी तळहात रिकामे होते.

"मग आबांची दारू सोडव."

"दुसऱ्याचं मन मला बदलता येत नाही. त्यांना मदत मिळावी, एवढं मागता येईल. तेही त्यांच्यासमोर. गुपचूप नाही."

"कसली गं परी तू!" तुळसा फणकारली. पण बराच वेळ विचार करून ती आबांपुढे उभी राहिली. परी तिच्या खांद्यावर होती.

"आबा, पुडी मीच घातली होती. चुकलं माझं. आता तुमच्यादेखत मागते. तुम्हाला मदत मिळू दे."

आबांनी डोळे बारीक केले. "या चिमणीकडं कसलं औषध आहे?"

"औषध नाही, वाट आहे," परी म्हणाली. "चालायचं तुम्हीच."

अंगणापासून निळ्या-जांभळ्या फुलांची रेघ उमलत गेली, थेट टेकडीवरच्या दवाखान्यापर्यंत. आबा निघाले, मागोमाग तुळसा आणि तिच्या खांद्यावर परी. पण आबा दर वळणावर मागे वळून बघत. दारात तर ते थबकलेच. आत चटईवर दारू सोडू पाहणारी काही माणसं डॉक्टरीणबाईंशी बोलत बसली होती.

"बाहेरून कडी घालता काय?" आबांनी विचारलं.

"कडी आतून आहे," बाई म्हणाल्या. "हवी तेव्हा काढा."

एक मिशाळ म्हातारा सरकला. "बसा पाव्हणं. मीबी पहिल्या दिवशी खिडकीचे गज मोजले होते."

आबांना हसू आलं. ते बसले. खाली बघत म्हणाले, "मी रोज पितो. सोडायचीय. एकट्याला जमत नाही."

"पुन्हा पिणार नाहीत ना?" तुळसाने खांद्यावरच्या परीला हळूच विचारलं.

"ते मला ठाऊक नाही, सोनुले," परी म्हणाली. "पण आता तू एकटी नाहीस."

उजेड वाढला, सोनेरी, मग पांढराशुभ्र, आणि परी त्यात विरून गेली. तुळसाने डोळे चोळले. चटईवर आबांनी स्वतःशेजारी तिच्यासाठी जागा केली होती.