कोजोची भिंत

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. सातवीनंतर शाळा सुटली आणि मोठे शब्द मला जमत नाहीत. आमच्या शिरवेळ गावच्या भिंतीची गोष्ट माझ्या आत्यानं जशी सांगितली तशीच लिहितो आहे.

पुष्कळ वर्षं झाली त्याला. तेव्हा आमच्या खाडीत शिडाची गलबतं येत. एका गलबतावर कोजो नावाचा रंगारी होता. त्याचं गाव आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होतं, आणि तिकडे सोमवारी जन्मलेल्या मुलाला कोजो म्हणतात. तो तापानं फणफणला, म्हणून गलबतवाल्यांनी त्याला वाळूत उतरवलं आणि ते निघून गेले. भागोजी ढोलकऱ्यानं त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. भागोजीची लेक येसू महिनाभर त्याला पेज भरवत होती. येसू जन्माची बहिरी, बोलायची नाही. कोजोला आपली भाषा येत नव्हती. त्यामुळे त्या दोघांचं चांगलं जमलं.

मग शिमगा आला. भागोजीनं टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, ढोलावर टाकलं आणि कोजो अंथरुणातून उठला तो नाचतच. नाचत नाचत तो सहाणेवर गेला. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो ओटा. तिच्या मागं मातीची लांब भिंत होती. कोजोनं खुणांनी गेरू मागितला, चुना मागितला, चुलीतली काजळी मागितली. ढोलाचा मोठा ठोका पडला की तो गेरूचा लाल गोळा काढी. टिपरू ढोलाच्या कडेवर वाजलं की काजळीची रेघ ओढी. ढोल क्षणभर थांबला की तोही एका पायावर थांबे आणि तेवढी जागा कोरी सोडी. तीन दिवस भागोजी वाजवत होता आणि कोजो नाचत रंगवत होता. रंग वाळले तरी भिंत धडधडत होती, असं म्हणतात.

लोक मात्र हसले.

"कोंबडी नाचली की काय रं भिंतीवर?"

"भागोजी," गावकर, म्हणजे गावचे प्रमुख, म्हणाले, "तुझ्या पाव्हण्याला सांग, एखादा मोर तरी काढ म्हणावं!"

तोवर कोजो चार शब्द शिकला होता. त्यानं लाल गोळ्यांवर बोट ठेवलं. "मोर नाय. ह्यो भागोजी."

"माझं पोट एवढं वाटोळं हाय व्हय रं?" भागोजी म्हणाला, आणि सगळी सहाण पुन्हा हसली.

येसू हसली नाही. ती रोज भिंतीशी जाई आणि पहिल्या गोळ्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत तळहात फिरवत चाले. कोजो मागून तिच्या पाठीवर बोटांनी ठोके देई. लाल आला की जोरात, काळा आला की हलका, कोरी जागा आली की काहीच नाही. होता होता तिचे पाय आपोआप ठेक्यात पडायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. भागोजी गेला, त्याच्याकडून ढोल शिकलेले त्याचे दोन्ही मुलगे गेले. घरोघर पाणी पोचवणारा कोजोही गेला. गावाचा ठेका वाजवणारं कुणीच उरलं नाही.

शिमग्याला शेजारच्या गावचा ढोल आणला. चांगला वाजला, पण आमचा नव्हता. पालखी खांद्यावर घेतली आणि भोयांचे गुडघे वाकले. चार माणसांची पालखी आठ माणसांनाही हलेना, असं म्हणतात.

"ह्या भिंतीमुळं झालं," गावकर म्हणाले. "पुसून टाका ती. आणा चुना."

चुन्याचा डबा आला. येसू भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो गो पोरी," गावकर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की तिला ऐकू येत नाही, आणि त्यांनी हातानं खूण केली. ती हलली नाही. कुणीतरी कुंचला मारलाच. चुना तिच्या तोंडावर उडाला. तेव्हा येसूनं डबा ओढून घेतला, पालथा करून काखेत धरला, आणि एक हात भिंतीवर ठेवून चालत चालत दुसऱ्यानं ती डबा वाजवायला लागली. भिंतीवर लाल आला की जोरात, काळा आला की हलका. कोरी जागा आली की थांबली.

म्हातारे धोंडू भोई ओरडले, "अरे, भागोजी आला!"

पाहुण्या ढोलकऱ्यानं तिच्या हाताकडे बघून टिपरू उचललं. पालखी कापसासारखी वर गेली आणि भोयांनी ती दिवस मावळेपर्यंत खाली ठेवली नाही. जिनं कधी ढोल ऐकला नाही, तिच्याकडून गाव आपला ठेका शिकलं. गावकरांनी तिच्या तोंडावरचा चुना आपल्या उपरण्यानं पुसला, असं म्हणतात.

तेव्हापासून शिमग्याआधी शिरवेळची सगळी घरं चुन्यानं पांढरी होतात, ती भिंत सोडून. शिमग्याआधीच्या सोमवारी, ज्याला आम्ही कोजोचा सोमवार म्हणतो, नवा ढोलकरी कानात कापूस घालतो, एक हात भिंतीवर ठेवतो आणि दुसऱ्या हातानं वाजवतो. चुकला तरी कुणी रागावत नाही. बायका फक्त मागून पाठीवर ठोके देतात.

यंदा माझी पाळी होती. बाकी सगळं आलं, पण कोऱ्या जागेवर माझ्याच्यानं थांबवेना. तीनदा मी तिथं टिपरू टाकलं. आत्यानं पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीत गेरू कालवून भिंतीशी गेलो. पुसट झालेले गोळे एकेक करून भरले. कोरी जागा आली तेव्हा हात खाली घेतला, एका पायावर उभा राहिलो, आणि मग पुढचा गोळा भरला.