तिन्हीसांजेच्या विरजणाची कहाणी

श्रावण वद्य पंचमी, शुक्रवार. सकाळी ऊन, दुपारी दोन सरी, आता उघडीप. चार चार तांदूळ हातात घ्या, बायांनो, आणि ऐका. ऐक गं विरजणमाय, तुझी कहाणी.

आटपाट गाव होतं. गावाला ओढा होता, ओढ्याला काठ होता, काठावर सात घरं होती. पहिलं घर चिमाआजीचं, सातवं कुंभाराचं. चिमाआजीला एकोणनव्वद वर्षं झाली होती. दात गेले होते, कान अर्धे गेले होते, हात तेवढे जागेवर होते. घरात तिचा नातू होता, नातसून मंजुळा होती, आणि चुलीजवळच्या कोनाड्यात एक गाडगं होतं. गाडग्यात दही होतं. ते दही आजीपेक्षा वयानं थोरलं होतं.

ते कसं, तर ऐका.

चिमा नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. बाप गरीब होता, अंगावर घालायला गुंजभर सोनं नव्हतं. आईनं काय केलं? जुन्या लुगड्याची धुतलेली चिंधी घेतली. घरच्या दह्यात बुडवली, सावलीत वाळवली. पुन्हा बुडवली, पुन्हा वाळवली. असं तीनदा केलं. मग तिची घडी केली, लेकीच्या गाठोड्यात ठेवली आणि म्हणाली, "बये, तुला वसा देते. रोज दही लाव. रोज शेवटचा चमचा राख. मागायला येईल तिला दे. घर बघू नको, वेळ बघू नको, दिलेलं मोजू नको. मोठ्या घरी जाशील, विसरशील." चिमा म्हणाली, "विसरणार नाही."

मग चिमा सासरी आली. बायका गाठोडं सोडून बघायला बसल्या. सासू म्हणाली, "व्याह्यांनी नाव काढलं. सोन्याच्या जागी चिंधी पाठवली." थोरली जाऊ म्हणाली, "असू द्या, भांडी पुसायला होईल." सगळ्या हसल्या. संध्याकाळी चिमानं कोमट दुधात चिंधी बुडवली, वर झाकण ठेवलं. सकाळी सुरीनं कापावं असं दही लागलं. सासूनं एक वाटी खाल्ली, काही बोलली नाही. दुसरी वाटी खाल्ली, काही बोलली नाही. तिसरी खाऊन म्हणाली, "ती चिंधी जपून ठेव हो."

मग दिवस गेले, वर्षं गेली. चिमाला दोन लेकी झाल्या, तीन लेक झाले. धाकटा पाच वर्षांचा होऊन गेला. त्याला दहीपोहे आवडायचे. दरवर्षी त्या तिथीला चिमा दहीपोहे करी आणि ओढ्याकाठची पोरं बोलावून त्यांना पोटभर वाढी. दुष्काळाचं साल आलं. गाय विकावी लागली, एक शेळी उरली. शेळीच्या अर्ध्या वाटी दुधावर चिमानं विरजण जगवलं. पोरांना पाणी घातलेलं ताक दिलं, आपण पोरांच्या वाट्या विसळून प्यायली. मग लेकी सासरी निघाल्या, वळणीवर दोन चिंध्या वाळल्या. मग नाती निघाल्या, आणखी चार वाळल्या. नवरा गेला तेव्हा घरात सुतक आलं. चिमानं विरजण कुंभाराच्या घरी ठेवलं. कुंभारणीनं तेरा दिवस आपल्या दुधावर ते सांभाळलं आणि तेराव्या दिवशी पदराखाली झाकून परत आणून दिलं. असं करता करता काठावरच्या सातही घरांत चिमाचं विरजण गेलं, आणि चिमाची चिमाआजी झाली.

आता तिचं जेवण एवढंसं. दुपारी मऊ भात, त्यावर घरचं दही, चिमूटभर मीठ. मंजुळा ते बोटांनी कालवी, गुठळी राहू देत नसे. आजी म्हणे, "पोरी, तुझ्या हाताला माझ्या आईची चव आहे." मंजुळा म्हणे, "हाताला नाही आजी, गाडग्याला."

मग एक दिवस काय झालं? दिवेलागणीची वेळ होती. मंजुळेनं देवापाशी दिवा लावला, हळदीकुंकू वाहिलं, आणि दारात सरूकाकू कुंभारीण उभी राहिली. हातात वाटी होती.

"मंजुळा, चमचाभर विरजण दे गं. लेक पहाटेच्या गाडीनं पहिल्यांदा सासरी निघाली. आमचं दही पाहुण्यांत संपलं. चिंधी भिजवून चुलीपाशी टाकीन, पहाटेपर्यंत वाळेल."

मंजुळा म्हणाली, "काकू, दिवा लागला. आता दूध-दही देऊ नये, घरची लक्ष्मी जाते. सकाळी या."

"सकाळी लेक गेलेली असेल."

"मग मी तरी काय करू?"

सरूकाकूनं वाटी पदराखाली घेतली आणि गेली. आजी आत माळ ओढत बसली होती, तिला ऐकू गेलं नाही. मंजुळेनं सांगितलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी दही लागलं, पण वर पाणी सुटलं. तिसऱ्या दिवशी दह्याला तार सुटली. चौथ्या दिवशी गाडगं उघडलं तर दूध नासलेलं, वास येत होता. गाडगं ओतून द्यावं लागलं. आजीचं जेवण पहिल्या दिवशी निम्म्यावर आलं, दुसऱ्या दिवशी दोन घासांवर आलं, तिसऱ्या दिवशी आजीनं ताट सरकवलं. मंजुळेनं बाजारचं दही आणलं. आजीनं जिभेला लावलं, म्हणाली, "चांगलं आहे. पण उतरत नाही." नातवानं वैद्यबुवांना आणलं. त्यांनी नाडी बघितली आणि दाराबाहेर येऊन सांगितलं, "रोग काही नाही. वय आहे. खाल्लं तर राहतील, नाही खाल्लं तर आठवडा."

तेव्हा मंजुळा आजीच्या उशाशी बसली. कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आजीनं डोळे मिटून ऐकलं.

"काय म्हणालीस तिला?"

"दिवा लागला म्हणाले."

"दिवा तर लागलाच होता. खोटं नाही बोललीस."

"आजी, मी उतले का हो? मातले का?"

"उतली नाहीस, मातली नाहीस. भ्यालीस." आजी जरा दम खाऊन म्हणाली, "मीसुद्धा पहिल्या वर्षी भ्याले होते. मग सासूनंच युक्ती सांगितली. दिवेलागणीला कुणी आलं तर रिकामी वाटी भरायची नाही. आधी तिच्याकडून काहीतरी घ्यायचं. फूल घ्यावं, मिठाचा खडा घ्यावा, काही घ्यावं. मग ते देणं होत नाही, अदलाबदल होते. लक्ष्मी म्हणते, चालू द्या यांचं."

मंजुळा रडता रडता हसली. म्हणाली, "आता मी काय करू?"

"जिथं जिथं आपलं विरजण गेलं तिथं जा. चमचाभर माग."

मग मंजुळेनं सकाळी केसांत जाईचं फूल खोवलं, हातात वाटी घेतली आणि निघाली. कुंभाराचं घर वाटेवरच होतं. पण तोंड कसं दाखवायचं? खाली मान घालून ती पुढं गेली.

पहिल्यांदा आजीच्या थोरल्या लेकीच्या गावी गेली. लेक म्हणाली, "अगं, सुनांनी म्हशी विकल्या. पिशवीचं दूध येतं, पिशवीचं दही येतं. आईची चिंधी पेटीत आहे, पण तिला झुरळं लागली." दुसऱ्यांदा आजीच्या नातीकडं गेली. नात म्हणाली, "वहिनी, मागच्या महिन्यात गाडगं फुटलं. मी पण रडले, पण सांगणार कुणाला?" तिसऱ्यांदा गावातल्या सुताराच्या घरी गेली. सुतारीण म्हणाली, "सकाळी आली असतीस तर. पोरांनी शेवटचा चमचा साखर घालून खाल्ला."

मग दिवस बुडाला. मंजुळा रिकाम्या वाटीनं परतली आणि कुंभाराच्या दारापाशी आली. आत सरूकाकू दिवा लावत होती. पुढं जावं तर दारोदारी दिवे लागलेले आणि आजी उपाशी, थांबावं तर तीच तिन्हीसांज. मंजुळा उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"काकू, चमचाभर विरजण द्या."

सरूकाकूनं दिव्याची वात सारखी केली. म्हणाली, "मंजुळाबाई, दिवा लागला."

"बघते आहे."

"लक्ष्मी जाईल ना माझी?"

मंजुळेनं केसांतलं फूल काढलं. दिवसभरात ते कोमेजलं होतं. ओंजळीत धरून म्हणाली, "हे घ्या आणि मग द्या. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हेही निम्मंच खरं. भ्याले होते. चार दिवस झाले, आजी जेवत नाही."

सरूकाकू म्हणाली, "चार दिवस? आणि आत्ता सांगतेस? आधी आत ये." मग फूल घेतलं, देवापुढं ठेवलं. शिंक्यावरचं मडकं उतरवलं. म्हणाली, "तू नाही म्हणालीस तेव्हा लोहाराच्या घरी गेले. तिथं मिळालं. ते तरी कुणाचं? तुझ्या आजीनंच दिलेलं, लोहारीण नवी नवरी होती तेव्हा. लेक चिंधी घेऊन गेली. घरच्यापुरतं मी लावून ठेवलं." मग नवीन गाडगं आणलं, पाण्यानं विसळलं, त्यात दोन चमचे दही घातलं.

मंजुळा म्हणाली, "काकू, मी एक मागितलं."

"एक तुझं. एक चिमाआजीचं, ते मोजायचं नसतं."

मग मंजुळा घरी आली. दूध कोमट केलं, विरजण लावलं, झाकून चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी उघडलं तर सुरीनं कापावं असं दही. मऊ भात केला, दही घातलं, मीठ घातलं, बोटांनी कालवलं. आजीला टेकून बसवलं. आजीनं एक घास खाल्ला, काही बोलली नाही. दुसरा खाल्ला, काही बोलली नाही. तिसरा खाऊन म्हणाली, "कुंभारणीची म्हैस आहे यात. पण आई माझीच." आणि वाटी पुढं केली.

मग मंजुळेनं वसा घेतला. रोज दही लावलं, रोज शेवटचा चमचा राखला, तिन्हीसांजेला आलेल्या बाईकडून फूल घेतलं आणि विरजण दिलं. आजीच्या थोरल्या लेकीला नवी चिंधी गेली, नातीला नवं गाडगं गेलं.

जशी चिमाआजीला तिची आई नव्वदीत भेटली, तशी ती तुम्हांआम्हांला भेटो. मंजुळेला जसं कुणी आत बोलावलं, तसं आपल्यालाही बोलावो. ही सात घरांची कहाणी एका वाटीत सुफळ संपूर्ण. तांदूळ गाडग्यापुढं वाहा.

चिमाआजी त्यानंतर सहा वर्षं आणि दोन महिने जगली. गेली त्या दिवशी विरजण सरूकाकूच्या घरी ठेवलं. तेराव्या दिवशी परत आणलं. चौदाव्या दिवशी सकाळी दही लागलं.