लखू परवानगी घेतो

एका गावात एक भोळा गडी होता, लखू. साड्यांच्या दुकानात कामाला. मनाने सोन्यासारखा, पण सांगाल तेवढंच करणार, आणि तेही नको तिथे. तिशी उलटली तरी कुणी मुलगी देईना. आईने देव पाण्यात घातले होते.

तेव्हा इंटरनेट नवीन होतं. दुकानाचे मालक मुरारशेठ, त्यांनी तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्या कुंदाताईंना बोलावून दुकान त्यावर टाकलं. कुंदाताई सांगत होत्या, "शेठ, ह्या यंत्राला आठवण म्हणून नाही. गिऱ्हाइकाने पान बदललं की हे त्याला विसरतं. म्हणून त्याच्याच कॉम्प्युटरवर गुपचूप एक चिठ्ठी ठेवायची. तिला कुकी म्हणतात. परत आला की चिठ्ठी वाचायची, ओळख पटते."

लखूने कान टवकारले. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत गुपचूप चिठ्ठ्या सारू लागला. खोतवहिनींच्या चिठ्ठीत लिहिलं, 'दीड तास बसल्या. सासूसाठी सगळ्यात हलकी साडी मागितली.'

पिशवी उघडली सासूने. मग काय विचारता!

वहिनी तणतणत आल्या. "न विचारता माझ्या पिशवीत चिठ्ठी?"

कुंदाताईंनी कपाळावर हात मारला. "बरोबर आहे त्यांचं. लखू, आधी विचारायचं. समोरचा हो म्हणाला तरच हात लावायचा."

"बरं," लखू म्हणाला.

दुपारी दुकानात शेळी शिरली आणि पैठणीचा पदर चघळू लागली. लखू हात जोडून पुढे उभा. "बाहेर काढू का?"

शेठ जेवून आले तोवर पदरावरचे मोर शेळीच्या पोटात गेले होते.

"अरे, हाकललं का नाहीस?"

"तीनदा विचारलं, शेठ. हो म्हणालीच नाही."

"गाढवा, गप्प बसली म्हणजे हो! नको असेल तो तोंड उघडतो!"

"असं कसं, शेठ?" कुंदाताई उसळल्या. "गप्प बसला त्याचा होकार कसा धरायचा?"

"विचारत बसलो तर धंदा झाला!"

दोघांची चांगलीच जुंपली. लखूने शेठचं ऐकलं. दुकान शेठचं होतं ना!

रविवारी मुलगी बघायला गेले. मंदा नावाची. दुकानात लखूला पाहून तिला तो आवडला होता, म्हणून तर जमून आलेलं. आईने बजावलं, "पोरीला विचार. पसंती कळली की साडी-नारळ दे. एवढं तरी नीट कर, बाबा."

"माझ्याशी लग्न करशील?" लखूने विचारलं.

मंदा धीट. सगळ्यांदेखत म्हणाली, "हो! करीन."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लखूच्याही आलं. बिचारा पार हिरमुसला.

"तोंड उघडलं," तो पुटपुटला. "नकोय तिला."

पाहुणे आनंदाने एकदम बोलायला लागले. लखू एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कोपऱ्यात मंदाची ऐंशी वर्षांची आजी लोडाला टेकून डुलकी काढत होती. लखू तिच्यापुढे जाऊन बसला.

"तुम्ही कराल?"

आजी गप्प.

लखूने साडी-नारळ आजीच्या मांडीवर ठेवला आणि ओरडला, "आई, जमलं गं! पेढे आण!"