वाऱ्याची पाळी

एकदा एक शिष्य थकून आपल्या गुरूंकडे आला. शिष्य म्हणजे चाळिशी उलटलेला गृहस्थ आणि गुरू म्हणजे त्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेले वृद्ध प्राध्यापक. शिष्याचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं सारं तो एकटा करत होता. बहीण गावातच होती, शेजारीही भले होते; पण कुणी दारात आलं की याचं उत्तर ठरलेलं, “नको, मी आहे.” या उत्तराचा त्याला थोडा अभिमानही होता.

“परवा बाबांना उचलताना हात सुटता सुटता राहिला,” तो म्हणाला. “गुरुजी, बळ कुठून आणू ते सांगा.”

वृद्ध चपला घालून त्याच्याबरोबर घरी आले, खाटेशेजारची त्याची खुर्ची बळकावली आणि म्हणाले, “आत जाऊन झोप.”

शिष्याला ते लागलं. उपदेश मागायला जावं आणि आपल्याच घरात आपल्याला उठवून लावावं, ही कुठली रीत? पण रागावण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. आडवा झाला तो थेट दिवेलागणीला उठला. बाहेर येऊन पाहतो, तर बहीण वडिलांना पेज भरवत होती.

“हिला कशाला बोलावलंत? बाबा माझी जबाबदारी आहेत.”

“आहेतच,” वृद्ध म्हणाले. “दक्षिण ध्रुवाकडे सम्राट पेंग्विन असतात, सगळ्या पेंग्विनांत देहानं सर्वांत मोठे. ऐन हिवाळ्यात मादी समुद्रावर जाते आणि नर अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, उपाशी उभा राहतो. बर्फावर पडलं की अंडं गोठलंच. ते तो शेजाऱ्याला देत नाही. पण वारा मात्र एकट्यानं सोसत नाही. सगळे अंगाला अंग भिडवून उभे राहतात. कडेचे गारठले की अंडं सांभाळत, सरकत सरकत आडोशाला येतात. मग वारा दुसऱ्यांच्या पाठीवर. हट्टानं एकटाच उभा राहील तो शूर ठरत नाही रे. त्याचं अंडं जातं.”

परवाचे ते सुटू पाहणारे हात शिष्याला आठवले.

“उद्या सकाळी येऊ?” बहिणीनं भीतभीतच विचारलं.

सवयीनं ‘नको’ ओठांवर आलंच होतं. “ये,” तो म्हणाला. “जमलं तर लवकरच ये.”

“कधीचा हेच सांगतोय मी त्याला,” खाटेवरून वडील क्षीण आवाजात म्हणाले.

ते त्यानं आज ऐकलं.