गेनबाचं ‘वर्क’

खांबांवर पिवळे दिवे नुकतेच लागू लागले होते, त्या काळची ही गोष्ट. एका बाजाराच्या गावात विज्ञान शिकवणारे एक गुरुजी होते. इंग्रजी शब्दांचे शास्त्रातले अर्थ त्यांना तोंडपाठ, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्याच गावात गेनबा राहायचा. पंचायतीचा वायरमन खांबावर चढला की खाली शिडी धरून उभं राहायचं, एवढीच त्याची नोकरी.

एका बाजारच्या दिवशी गुरुजी त्याला म्हणाले, “गेनबा, शास्त्रात ‘वर्क’ म्हणजे जोर लावून वस्तू हलवणं. तुझी शिडी तर जागची हलत नाही. म्हणजे तुझं वर्क शून्य.”

लोक हसले. गेनबाही हसला. पण सरपंचांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांना काटकसर करायचीच होती. उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी गेनबाला सांगून टाकलं. शास्त्रच तसं म्हणतं, मग बोलायचं कुणी?

चार दिवसांनी गेनबाची मुलगी यमुना वर्गात दिसली नाही. बापाबरोबर खडी फोडायला गेली, असं मुलींनी सांगितलं. गुरुजींच्या हातातला खडू तसाच राहिला. गप्प बसले असते तर कुणी दोष दिला नसता. चूक कबूल केली तर मात्र गावात हसं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चौकात गेले आणि शिडी आपण धरतो म्हणाले. वायरमन संकोचतच वर चढला. थोड्याच वेळात गुरुजींच्या पोटऱ्या थरथरू लागल्या, सदरा घामानं भिजला. पण वर माणूस होता. हात सोडायची सोय नव्हती. तो उतरला, तसे ते त्याच अवतारात पंचायतीत गेले.

“सरपंच, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तो शब्द यंत्राची मोजदाद करायला आहे, माणसाचे कष्ट मोजायला नाही. शिडी हलत नाही, म्हणून तर वरचा माणूस जिवंत राहतो.”

सरपंचांनी गेनबाला परत कामावर घ्यायचं कबूल केलं. गेनबाला बोलवायला गुरुजी स्वतःच गेले, आणि त्यांनी त्याची माफी मागितली.

गेनबा म्हणाला, “पुस्तकात असेल तसं, गुरुजी. पण पोरीनं विचारलं, ‘बाबा, तुम्ही काहीच करत नाही का?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.”

आता ते खांब नाहीत, गुरुजीही नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे केस पिकले. वर्कचं सूत्र बहुतेक जण विसरले. पण फळ्यावर ‘वर्क’ लिहिण्याआधी गुरुजी क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, “हा शब्द पुस्तकाचा आहे रे, घरी नेऊ नका,” ते अजून सगळ्यांना आठवतं.

तात्पर्य: शब्द आपल्या जागी असतो तोवरच खरा; जागा चुकली, की खरा शब्दही कुणाच्या तरी पोटावर पाय देतो.