तारप्याकडे पाठ

डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर सुकरी नावाची इवलीशी मुलगी राहायची. कुडाची झोपडी, चुलीवर कधी आंबील, तर कधी नुसताच धूर. पण पोर मोठी गुणाची! मुंग्यांच्या रांगेवरसुद्धा पाय द्यायची नाही बिचारी.

तिचा बा, देवजी, तारपा वाजवायचा. तारपा म्हणजे वाळक्या भोपळ्याचं आणि बांबूचं भलं लांब वाद्य, बरं का! देवजीनं गाल फुगवून फुंकर घातली की अख्खा पाडा हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरायचा. नेम एकच. तारप्याला पाठ दाखवायची नाही. जो आपल्यासाठी आपला श्वास खर्च करतो, त्याच्याकडे तोंड करूनच नाचायचं.

एकदा शहरातल्या बागेत नाचांचा मेळा भरला. दूरदूरची माणसं आपापले नाच घेऊन आली. मणिपूरच्या मुलींच्या गोल गोल घागऱ्यांवर आरसे लुकलुकत होते. गुजरातचे सिद्दी डोक्याला निळीहिरवी मोरपिसं लावून ढोल घुमवत होते. सुकरीच्या अंगावर मात्र विटकं लुगडं, आणि त्याला मागच्या बाजूला हे एवढं ठिगळ!

पाड्याची मंडळी मंचावर चढली. तारपा घुमू लागला. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई हसत हसत म्हणाल्या, "जरा लोकांकडे तोंड करा हं, फोटो छान येतील!"

मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुकरीच्या मनात मात्र आलं, अगं बाई, सगळ्यांना माझं ठिगळच दिसतंय की! तिनं गर्रकन गिरकी घेतली, बाच्या तारप्याकडे पाठ केली आणि त्या आरशांच्या मुलींसारखं गोड हसली.

तारपा मध्येच थांबला. फेर तुटला.

देवजीनं तारपा छातीशी धरला आणि खाली मान घालून तो मंचावरून उतरला. रागावला असता तर किती बरं झालं असतं! सुकरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धूम पळाली ती थेट अबोलीच्या ताटव्यामागे.

तिथं कुणीतरी मुसमुसत होतं. झेंडूच्या माळेच्या दोऱ्यात एक नखाएवढी परी अडकली होती! तिचे पंख जांभळे, केशरी, चंदेरी चमचमत होते. सुकरीनं डोळे पुसले आणि पंखाला जराही ओढ न लागू देता तो गुंता हळूहळू सोडवला.

"किती हलका हात गं तुझा, बाळ!" परी किणकिणली. "माग एक इच्छा. पण माझे नियम ऐक. झालेलं मला पालटता येत नाही. आणि इच्छा पुरी झाली की मी दिसेनाशी होते."

"मग बाच्या मनातून आजचं पुसून टाकशील?" सुकरीनं घाईघाईनं विचारलं.

"ते जमेल. त्याला काही आठवणार नाही. आठवेल फक्त तुला."

सुकरी हो म्हणणारच होती. म्हणजे माफीसुद्धा मागायला नको! पण तेवढ्यात तिला बाची खाली गेलेली मान आठवली, आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिनं जोरात मान हलवली.

"नको," ती पुटपुटली. "मीच सांगेन त्याला. पण माझे पाय लटपटतात गं. तू तिथपर्यंत सोबत येशील? एवढंच दे."

"वेडी गं वेडी!" परी म्हणाली, आणि अलगद तिच्या खांद्यावर बसली.

देवजी मंचाजवळच्या झाडाखाली बसला होता. सगळे नाचणारे बघत होते, लोक बघत होते. सुकरीचे कान लालेलाल झाले, तरी ती चालत राहिली.

"बा, माझं चुकलं. ठिगळ दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली."

"मला वाटलं, पोरीला बापाची लाज वाटली," देवजी म्हणाला.

"वाटली होती, बा," सुकरी हुंदका देत म्हणाली. "तुझीपण वाटली होती."

देवजीनं तारपा बाजूला ठेवला. मग त्यानं तिला जवळ ओढलं आणि तिचं नाक पुसलं. "खरं बोललीस. चल, धर फेर."

तारपा घुमला. मणिपूरच्या मुली धावत आल्या, सिद्दी ढोलवाले आले, सगळ्यांनी हात गुंफले. सगळ्यांची तोंडं देवजीकडे!

"अहो, आम्हाला नुसत्या पाठीच दिसतात!" खुर्चीतले एक आजोबा ओरडले.

ताई ओशाळून म्हणाल्या, "मग उठा ना आजोबा! आपणही फेरात जाऊ."

आणि अख्खी बाग उठली. तेवढ्यात सुकरीच्या खांद्यावर लख्ख सोनेरी उजेड झाला, साऱ्या फेरावर झिरमिर झिरमिर सांडला आणि विरून गेला. खांदा रिकामा झाला, पण सुकरीचे पाय आता लटपटत नव्हते.

तेव्हापासून शहरातल्या लोकांनी देवजीला मुलांना नाच शिकवायला ठेवून घेतलं, आणि सुकरीच्या घरची चूल रोज पेटू लागली. नवं पोर फेरात आलं की हमखास विचारतं, "सुकरीताई, तू कधी चुकलीस का गं?"

सुकरीचे कान अजूनही लाल होतात. पण ती सगळं सांगते, काही म्हणजे काही गाळत नाही.